शाळेत वाचलेली ती गोष्ट पुन्हा कशी शोधायची? नाव आठवत नसलं तरी

गोष्टीचं नाव आठवत नाही. लेखक तर नाहीच नाही. एक म्हातारा होता, त्याचा बैल होता, धो धो पाऊस होता आणि शेवट वाचताना घशात आवंढा आला होता, एवढंच काय ते हाताशी आहे. एवढ्यावर गोष्ट सापडते का? पुष्कळदा सापडते. मात्र शोध कुठून सुरू करायचा, हे आधी ठरवावं लागतं.

बहुतेक जण थेट गोष्टीच्या मागे लागतात. ‘म्हातारा आणि बैल कथा’ असं टाइप करतात, भलतंच काही समोर येतं आणि चार प्रयत्नांत नाद सोडून देतात. माझं सांगणं असं की गोष्ट शोधू नका, आधी पुस्तक शोधा. तीस-चाळीस वर्षांत गोष्टीची आठवण मनात झिजते, बदलते, दुसऱ्या गोष्टीत मिसळते. पाठ्यपुस्तकाचं तसं होत नाही. ते इयत्ता, वर्ष, माध्यम आणि मंडळ या चार खुंट्यांना पक्कं बांधलेलं असतं आणि त्या चारही खुंट्या तुम्हाला स्वतःच्या आयुष्यातून बिनचूक सांगता येतात. पुस्तक हाती आलं की अनुक्रमणिका मिळते, अनुक्रमणिकेतून धडा आणि धड्यातून मूळ कथा. पुढचं सगळं याच क्रमाने आहे. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. हिंदी-इंग्रजीच्या पुस्तकांतल्या कथांबद्दलही पुढे थोडं आहे.

आधी कागद-पेन घ्या

शोधायला बसण्याआधी जे आठवतं ते सगळं लिहून काढा. ही पायरी गाळू नका. एकदा का तुम्ही इंटरनेटवर दहा गोष्टींचे सारांश वाचले, की त्यांतले तपशील तुमच्या आठवणीत शिरतात आणि मग आपलं मूळचं कोणतं आणि नुकतंच वाचलेलं कोणतं, हे वेगळं काढता येत नाही.

आठवण गोष्टीचं काय करते, यावर केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी एक प्रसिद्ध प्रयोग केला होता. १९३२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात तो सविस्तर दिला आहे. इंग्लंडमधल्या वाचकांना त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून लिहायला सांगितली. दर वेळी गोष्ट आखूड होत गेली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अनोळखी गोष्टींच्या जागी ओळखीच्या आल्या. मूळ कथेतल्या होड्या विशिष्ट प्रकारच्या होत्या, लोकांच्या आठवणीत त्या साध्या होड्या झाल्या. सीलची शिकार होती, तिची मासेमारी झाली. गोष्टीत जे तर्काला धरून वाटलं नाही, ते लोकांनी नकळत गाळलं किंवा नीट बसवून घेतलं.

आपल्या शोधासाठी यातून एक धडा घ्यायचा. तुम्हाला आठवणारा ‘बैल’ मुळात रेडा असू शकतो, ‘आजोबा’ गावचा चौकीदार असू शकतो आणि ‘पूर’ म्हणजे नुसता वळवाचा पाऊस असू शकतो. म्हणून लिहिताना पानाचे तीन भाग करा. पहिल्यात पक्कं आठवतं ते, दुसऱ्यात धूसर आठवतं ते आणि तिसऱ्यात तुमचा अंदाज. पुढे एखादी गोष्ट समोर आली आणि ती ‘धूसर’ भागाशी जुळली नाही, तरी लगेच बाद करू नका. ‘पक्क्या’ भागाशी जुळली नाही, तर मात्र थांबून विचार करा.

काय काय लिहायचं? कथानक तर लिहालच. पण बाकीच्या खुणा जास्त कामाच्या ठरतात, म्हणून स्वतःला हे विचारा.

धड्याचं चित्र कसं होतं? एका रंगात की चार रंगांत? माणसाचा चेहरा आठवतो की पाठमोरी आकृती? चित्र पानाच्या वर होतं की मजकुराच्या मधोमध? चित्राची आठवण अनेकदा कथानकाच्या आठवणीपेक्षा भरवशाची असते, कारण ते पान आपण वर्षभर उघडलेलं असतं.

धडा वर्षाच्या कोणत्या भागात शिकवला? शाळा जूनमध्ये सुरू होते. बाहेर पाऊस पडत असताना वर्गात हा धडा चालू होता असं आठवत असेल, तर तो अनुक्रमणिकेच्या पहिल्या भागात असणार. सहामाहीला आला होता का? वार्षिक परीक्षेच्या तोंडावर बाईंनी घाईघाईत उरकला होता का? की तो ‘स्थूलवाचना’त होता, म्हणजे बाईंनी ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिलेला?

आणि सगळ्यात मोलाची खूण म्हणजे स्वाध्याय. ‘असे कोण कोणास म्हणाले?’, ‘संदर्भासहित स्पष्टीकरण द्या’, ‘रिकाम्या जागा भरा’ या प्रश्नांसाठी आपण काही वाक्यं पाठ केलेली असतात. आज तुम्हाला गोष्टीतलं एखादं वाक्य शब्दशः आठवत असेल, तर ते बहुधा तिथूनच आलेलं आहे. ते जसं आठवतं तसं, व्याकरण न सुधारता लिहा. ‘टीपा’ आणि ‘शब्दार्थ’ यांत पहिल्यांदा भेटलेला एखादा अवघड शब्दही असाच चिकटून राहतो. असा एक नेमका शब्द पानभर कथानकापेक्षा लवकर पोहोचवतो.

मग वर्ष काढा

‘सहावीत होतो बहुतेक’ एवढ्यावर समाधान मानू नका. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं वर्ष घ्या आणि मागे मोजत या. मार्च १९९४ ला दहावी दिली असेल, तर दहावीचं शैक्षणिक वर्ष १९९३-९४, आठवीचं १९९१-९२ आणि सहावीचं १९८९-९०. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर ते धरा. ज्यांनी जुनी अकरावीची एसएससी दिली, त्यांचा हिशेब एका वर्षाने बदलतो. नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली, हे लक्षात ठेवलं की गल्लत होत नाही.

आता वर्गाची खात्री करा. कोणत्या खोलीत बसत होतो, वर्गशिक्षिका कोण होत्या, शेजारी कोण बसायचं, शाळा बदलली होती का? गोष्टीची आठवण एखाद्या खोलीला किंवा शिक्षकांना जोडलेली असेल तर इयत्ता ठरते. तरीही एक इयत्ता मागे आणि एक पुढे, असा पट्टा शोधात ठेवा.

भावंडांची आठवणही इथे उपयोगी पडते. पाठ्यपुस्तक एकदा आलं की बरीच वर्षं तेच छापलं जातं आणि अभ्यासक्रम बदलला की एकदम नवं येतं. ताईचं जुनं पुस्तक तुम्हाला चाललं होतं का? चाललं असेल तर तिचं आणि तुमचं वर्ष एकाच मालिकेत पडतं आणि तिची आठवणही पुराव्यात धरता येते. ‘आमच्या वर्षी पुस्तक बदललं, म्हणून सगळी नवी घ्यावी लागली’ असं घरात कोणी म्हणत असेल, तर मालिकेच्या सुरुवातीचं वर्षच तुमच्या हाती लागलं.

पुस्तकाचं नाव नक्की करा

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजे आपली बालभारती, २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झाली. त्यानंतर प्राथमिक शाळेत शिकलेल्या, मराठी माध्यमातल्या मुलांच्या हातात पहिली ते आठवीपर्यंत ‘बालभारती’ हेच पुस्तक असायचं. मराठी ही पहिली भाषा नसलेल्यांना ‘सुलभभारती’ असे. नववी-दहावीला ‘कुमारभारती’ आणि अकरावी-बारावीला ‘युवकभारती’. ही वरच्या वर्गांची पुस्तकं पुष्कळ वर्षं राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाकडून निघत. पुस्तक कोणी काढलं हे माहीत असेल तर कुठे शोधायचं हेही कळतं, म्हणून हा फरक सांगितला.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांनी मराठीचं जे पुस्तक वाचलं, ते शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांच्या पुस्तकापेक्षा वेगळं होतं. शोध फसण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. मित्र ठामपणे सांगतो, ‘असा धडा सहावीला नव्हताच’ आणि तो खरंच बोलत असतो, कारण त्याचं पुस्तकच निराळं होतं. केंद्रीय मंडळाच्या शाळेत शिकलेल्यांनी एनसीईआरटीची जुनी पुस्तकं बघावीत.

१९६७ च्या आधीचा शोध असेल, म्हणजे आई-वडिलांच्या किंवा आजीच्या आठवणीतली गोष्ट असेल, तर तेव्हा खासगी प्रकाशकांच्या ‘वाचनमाला’ चालत. आचार्य अत्र्यांची ‘नवयुग वाचनमाला’ त्यांतली गाजलेली. अशा वेळी आजीला ‘कितवीत होतीस?’ असं विचारण्यापेक्षा ‘कोणती वाचनमाला होती?’ असं विचारलं तर उत्तर लवकर मिळतं.

जुनं पुस्तक कुठे मिळेल

सुरुवात ई-बालभारतीपासून करा. मंडळाच्या संकेतस्थळावर चालू पुस्तकांबरोबर जुन्या पाठ्यपुस्तकांचा स्वतंत्र संग्रह आहे. सगळ्या इयत्तांची सगळी वर्षं तिथे असतीलच असं धरू नका. पण तुमच्या पट्ट्यातलं एखादं पुस्तक मिळालं तरी काम खूप पुढे सरकतं. फाइल उघडली की सरळ धड्यांकडे पळू नका. मुखपृष्ठाच्या आत प्रतिज्ञा आणि राष्ट्रगीत असतं, त्याच्या आसपासच्या पानावर ‘प्रथमावृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ अशी वर्षं छापलेली असतात. प्रथमावृत्ती १९८६ आणि पुनर्मुद्रण १९९२ असेल, तर निदान या दोन वर्षांच्या मधली मुलं हेच पुस्तक शिकली. म्हणजे तुमच्या वर्षाची प्रत मिळाली नाही तरी अडत नाही, आवृत्ती तीच असली म्हणजे झालं. त्याच पानावर भाषा समितीची नावं असतात, बऱ्याचदा चित्रकाराचंही. चित्र आठवत असेल आणि धडा सापडत नसेल, तर त्याच चित्रकाराची आजूबाजूच्या इयत्तांची पुस्तकं बघा.

अनुक्रमणिका वाचताना नावावरून निकाल देऊ नका. पाठ्यपुस्तकात येताना कथेचं शीर्षक अनेकदा बदलतं आणि धड्याचं नाव तर आपण हमखास विसरतो. प्रत्येक गद्य धड्याचं पहिलं पान आणि शेवटचं पान उघडून बघा. एका पुस्तकाला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

संकेतस्थळावर नसेल तर इंटरनेट आर्काइव्ह पाहा. भारतात स्कॅन झालेल्या जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा साठा तिथे आहे. पण तिथल्या कितीतरी पुस्तकांची नावं रोमन लिपीत नोंदलेली आहेत, तीही हवी तशी. दीर्घ ‘ई’ कुठे एका आयने तर कुठे दोन ईंनी, ‘श’ कुठे एकट्या एसने तर कुठे एसएचने. म्हणून एकच नाव चार-पाच प्रकारे लिहून बघायचं, शेवटचं अक्षर गाळूनही बघायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे चिकाटीला फळ मिळतं.

कागदावरच्या प्रतींसाठी जुन्या पुस्तकांचे विक्रेते, शाळांची ग्रंथालयं आणि निवृत्त शिक्षकांची घरं हे तीन मार्ग आहेत. पाठ्यपुस्तक रद्दीत जातं, पण शिक्षकाची प्रत पुष्कळदा जपलेली असते, तीही समासात टिपणांसह. त्या काळची ‘गाईडं’ मिळाली तरी सोडू नका. त्यांत प्रत्येक धड्याचा सारांश आणि प्रश्न असतात, म्हणजे मूळ पुस्तक नसतानाही धडा ओळखता येतो.

‘कथा’ म्हणून शोधताय, पण ती कथा होती का?

पुस्तक सापडूनही गोष्ट सापडत नाही, त्याची बरीच कारणं या एका प्रश्नात आहेत. शाळकरी वयात आपण सगळ्या गद्य धड्यांना ‘गोष्ट’च म्हणायचो. प्रत्यक्षात त्यांत कादंबरीतला एखादा प्रसंग असतो, आत्मचरित्रातला उतारा असतो, व्यक्तिचित्र असतं, प्रवासवर्णनाचा तुकडा असतो, नाटकातला प्रवेशही असतो.

पोहायला जायचं टाळून घरात लपून बसलेला मुलगा आणि त्याला मारत बाहेर काढणारी आई, हे अनेकांना एक स्वतंत्र गोष्ट म्हणून आठवतं. ते ‘श्यामची आई’मधलं प्रकरण आहे. ते पुस्तक बेचाळीस रात्रींत सांगितलेल्या आठवणींचं असल्यामुळे त्यातली एकेक रात्र सुटी करून धडा करणं सोपं गेलं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधला ‘झेल्या’ही कित्येकांच्या मनात कथा म्हणून बसलाय, पण तो त्या पुस्तकातल्या व्यक्तिचित्रांपैकी एक. अशा वेळी कथासंग्रहांच्या याद्या धुंडाळत बसलात तर आयुष्यभर सापडणार नाही. म्हणून स्वतःला विचारा, गोष्ट ‘मी’ने सांगितलेली होती का? शेवटाला काही घडलं होतं, की नुसतं एक माणूस मनात राहिला? ‘मी’ असेल तर आत्मचरित्रं आणि आठवणींच्या पुस्तकांकडे वळा. नुसता माणूस राहिला असेल तर व्यक्तिचित्रांकडे.

दुसरी शक्यता भाषांतराची किंवा रूपांतराची. गोष्टीत बर्फ, शेकोटीची खोली, जमीनदार, सैनिक असं काही असेल तर परदेशी कथेचा संशय घ्या. सूर्यास्तापर्यंत जेवढ्या जमिनीला फेरी मारशील तेवढी तुझी, या अटीवर धावत सुटलेल्या माणसाची कथा तॉलस्तॉयची, १८८६ सालची. उसना आणलेला हार हरवतो आणि तो फेडण्यात एका जोडप्याची उमर जाते, ही मोपासाँची, १८८४ ची. अशा कथा जगभरच्या शाळांत शिकवल्या गेल्या, रूपांतरात पात्रांना देशी नावं मिळाली, गाव बदललं. इथे नाव शोधून उपयोग नाही. गोष्टीचा सांगाडा दोन वाक्यांत इंग्रजीत लिहून शोधा, लेखक लगेच समोर येतो. मग त्या लेखकाची मराठी भाषांतरं बघा.

हिंदीच्या पुस्तकातल्या गोष्टी तुलनेने पटकन सापडतात, कारण हिंदीतला खूप मजकूर टाइप होऊन उपलब्ध आहे. जत्रेतून स्वतःसाठी खेळणं न घेता आजीसाठी चिमटा घेऊन येणारा हामिद आठवत असेल, तर ती प्रेमचंदांची ‘ईदगाह’, १९३३ सालची. ‘चिमटा’, ‘दादी’, ‘मेला’ एवढे तीन शब्द हिंदीत टाकले तरी पुरे.

आणि खालच्या इयत्तांचे काही धडे समितीने मुद्दाम पाठ्यपुस्तकासाठी तयार केलेले असतात. त्यांना लेखकाचं नाव नसतं. अशा धड्याचं ‘मूळ’ वेगळं कुठे असेलच असं नाही, ते पाठ्यपुस्तकच मूळ. तिथे शोध थांबवायला हरकत नाही.

पुस्तकात नव्हतीच, तर?

शाळेत वाचलेली म्हणजे धड्यातलीच, असं नाही. ऑफ तासाला बाईंनी वाचून दाखवलेली, वाचनालयाच्या पेटीतून मिळालेली, कथाकथन स्पर्धेत ऐकलेली, असंही असतं. स्वाध्याय अजिबात आठवत नसेल आणि गोष्ट मात्र लख्ख आठवत असेल, तर ही शक्यता मोठी. अशा वेळी पहिला मान ‘किशोर’ला. बालभारतीचंच हे मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतंय, शाळाशाळांत जातंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवलेले आहेत. महिना आठवत नसला तरी वर्षाचा पट्टा ठरवून बारा-बारा अंक चाळता येतात. राजा, वेताळ, व्यापारी असं वातावरण आणि पानोपानी रंगीत चित्रं आठवत असतील, तर ‘चांदोबा’चे अंक बघा.

देवनागरीत शोधताना

इथे थोडं खोलात जातो, कारण नेमक्या याच कारणांनी शोध रिकामा येतो आणि माणसाला वाटतं की इंटरनेटवर काहीच नाही.

पहिलं म्हणजे ‘ऱ्या’चं प्रकरण. ‘म्हाताऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतला ‘ऱ्या’ संगणकावर दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटू शकतात. म्हणून शोधताना असा शब्द टाळा, ‘म्हातारा’ हे साधं रूप वापरा. ‘ॲ’चंही तसंच आहे.

दुसरं, जुनं शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधी छापलेल्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘केलें’ असं सापडतं. जुन्या लेखकाचं वाक्य शोधत असाल तर ते दोन्ही प्रकारे टाका. ‘अंत’ आणि ‘अन्त’, ‘संबंध’ आणि ‘सम्बन्ध’ यांसारखे पर्यायही आजमावा.

तिसरं, प्रत्यय. मराठीत ‘बैल’ हा शब्द कथेत ‘बैलाने’, ‘बैलाच्या’, ‘बैलांना’ अशा रूपांत येतो. एकाच रूपावर अडून बसू नका.

आठवणारं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा, पण पूर्ण वाक्य नको. त्यातले पक्के आठवणारे सलग तीन-चार शब्द घ्या. काही मिळालं नाही तर अवतरणचिन्हं काढा आणि कथेतले दोन दुर्मीळ शब्द जोडून टाका. ‘आई’, ‘पाऊस’, ‘गाव’ हे शब्द काही कामाचे नाहीत, हजारो गोष्टींत आहेत. ‘मोट’, ‘गोफण’, ‘कंदील’, ‘तारवाला’ असा एखादा शब्द असेल तर जाळं लहान होतं. त्याला ‘धडा’, ‘इयत्ता सहावी’, ‘स्वाध्याय’ यांपैकी काही जोडा.

स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांतला देवनागरी मजकूर यंत्राला पुष्कळदा नीट वाचता आलेला नसतो. म्हणजे पुस्तक तिथे असतं, पण आतल्या शब्दाने सापडत नाही. तिथे शीर्षक, लेखक आणि वर्ष यांवरूनच जावं लागतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटला विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण जपून. मराठी पाठ्यपुस्तकांबद्दल ही यंत्रं न अडखळता चुकीचं शीर्षक आणि भलताच लेखक जोडून देतात, कधी कधी अस्तित्वातच नसलेला धडा सांगतात. त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे. तुमचं कथानक देऊन ‘यासाठी शोधायला वेगवेगळे शब्द सुचव’ किंवा ‘जगभरच्या कथांत असा सांगाडा कुठे आहे’ असं विचारा. मिळालेलं नाव छापील पानावर दिसेपर्यंत खरं मानू नका.

माणसांना विचारताना

जुन्या वर्गमित्रांच्या गटात ‘ती बैलाची गोष्ट कोणाला आठवते का रे?’ असं विचारलं की दहा जण दहा गोष्टी सांगतात आणि विषय गप्पांत विरघळतो. नीट लिहून विचारा. असं:

‘१९८९-९० ला सहावी, मराठी माध्यम, राज्य मंडळ. मराठीच्या पुस्तकातला धडा, बहुधा पहिल्या सहामाहीतला. म्हातारा शेतकरी आणि त्याचा बैल. जोराचा पाऊस. शेवटी बैल एकटाच घरी परततो, हे पक्कं. पूर होता की नुसता पाऊस, नक्की नाही. चित्र काळ्या रंगात, बैल पाठमोरा. धड्याचं किंवा लेखकाचं नाव कोणाला आठवतं का? त्या वर्षीचं पुस्तक किंवा गाईड कोणाच्या घरी आहे का?’

शेवटचा प्रश्न विसरू नका. आठवण नसलेल्या माणसाच्या माळ्यावर पुस्तक असू शकतं. दुसरं म्हणजे, दोघांची आठवण जुळते का हे बघायचं असेल तर आपला शेवट आधी सांगू नका. समोरच्याला त्याच्या शब्दांत सांगू द्या. तुमच्या न सांगितलेल्या तपशिलाशी त्याचं जुळलं, तर तो भक्कम पुरावा.

मराठीचे निवृत्त शिक्षक भेटले तर सोन्याहून पिवळं. त्यांनी तोच धडा दरवर्षी, तुकडीमागून तुकडीला शिकवलेला असतो. त्यांना कथानक सांगण्याआधी इयत्ता आणि पुस्तकाचं वर्ष सांगा. त्यांच्या डोक्यात धडे मालिकेनुसार लावलेले असतात, अनेकांना अख्खी अनुक्रमणिका तोंडपाठ असते.

ग्रंथालयात

ऑनलाइन मार्ग संपले की मोठ्या, जुन्या ग्रंथालयांकडे वळा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. अशा ठिकाणी जुने कथासंग्रह आणि मासिकांचे बांधीव खंड असतात. बालभारतीच्या पुण्यातल्या ग्रंथालयात जुनी पाठ्यपुस्तकं जतन केलेली आहेत. जाण्याआधी फोन करून परवानगी, वेळ आणि झेरॉक्सचे नियम विचारून घ्या, कारण जुनी पुस्तकं बहुधा बंद कपाटांत असतात आणि मागणी लिहून द्यावी लागते. ग्रंथपालांना नुसतं ‘एक गोष्ट शोधतोय’ म्हणू नका. पहिल्या पायरीला लिहिलेला कागद त्यांच्यापुढे ठेवा.

१९५० पूर्वीचा लेखक असेल तर ‘दाते सूची’ मागा. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची प्रचंड सूची केली आहे. लेखकाचं नाव कळलं पण पुस्तक कोणतं ते कळत नाही, अशा वेळी तिच्यासारखं साधन नाही.

सापडल्यासारखं वाटतंय, मग पडताळा

धडा समोर आला की पहिल्या कागदावरचा ‘पक्कं’ हा भाग काढा आणि एकेक खूण लावून बघा. चित्र, शेवट, पाठ असलेलं वाक्य यांतलं दोन जुळलं तर गोष्ट तीच. शेवट वेगळा निघाला तरी घाबरू नका. एकाच वर्षीच्या दोन धड्यांची सरमिसळ मनात झालेली असते, त्यामुळे त्याच पुस्तकातले शेजारचे धडेही वाचा. तुमचा हरवलेला शेवट तिथे सापडू शकतो.

धडा वाचून झाल्यावर मूळ कथेकडे जा. धड्यासाठी कथा बहुतेक वेळा संक्षिप्त केलेली असते. वर्णनं कापलेली असतात, बोलीतले शब्द सोपे केलेले असतात, कधी मुलांना जड जाईल असा भाग गाळलेला असतो. धड्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी लेखकाचा परिचय असतो, त्यात त्यांच्या पुस्तकांची नावं असतात. ‘अमुक पुस्तकातून साभार’ अशी ओळ असेल तर काम झालंच. नसेल तर त्या लेखकाचे, पाठ्यपुस्तकाच्या प्रथमावृत्तीआधी निघालेले संग्रह तेवढे बघायचे. नंतरचे बघायची गरज नाही. संग्रहात नसेल तर मासिकं आणि दिवाळी अंक उरतात.

लेखक जाऊन ६० वर्षं उलटली असतील तर भारतात त्यांचं लेखन सर्वांना खुलं असतं. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं साहित्य खुलं आहे आणि मराठी विकिस्रोतावर वाचता येतं. अलीकडच्या लेखकांची पुस्तकं मात्र प्रकाशकाकडून किंवा ग्रंथालयातून घ्या. छापणं बंद झालं असेल तर प्रकाशकाला पत्र लिहून विचारा, गोदामात एखादी प्रत शिल्लक असण्याची शक्यता असते.

गोष्ट हाती आली की तिच्या नावाबरोबर पुस्तकाचं नाव, इयत्ता, प्रथमावृत्तीचं वर्ष, पान क्रमांक आणि मूळ संग्रह हे सगळं एका ठिकाणी टिपून ठेवा. ज्यांना ज्यांना विचारलं होतं, त्या सगळ्यांना ते पाठवा. त्यांतलं कोणी तरी हाच धडा शोधत असतं.

नाहीच सापडली, तर कागद टाकून देऊ नका. कुठे कुठे बघितलं आणि कोणती पुस्तकं बाद झाली, हे त्यावर लिहा. ऑनलाइन संग्रहांत भर पडत राहते. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बसाल, तेव्हा फक्त राहिलेल्या आवृत्त्याच उघडाव्या लागतील.